अख्खी कोर मावेल असं भिंग

६ जानेवारी २०२५

बिही,

अक्षर बघूनच कळेल की हे दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेलं नाही. बायकांच्या वर्गात शिकले, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. अक्षरं अजून एका ओळीत चालत नाहीत, शेळ्यांसारखी पांगतात. चालवून घे.

फोन करत नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू ठेवून देतोस. कागदावर तेवढं तरी टळतं.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. काम आहे.

गेल्या ऑक्टोबरात बांचा डावा डोळा अगादिरला उघडून आणला. मोतीबिंदू काढला, जाड चष्मा दिला. घरी आल्यावर दोन दिवस अंगणात बसून नुसते डोंगर बघत होते. तिसऱ्या दिवशी मी केशराची फुलं निवडत होते, तर मागून म्हणाले, "इज्जा, ती नळी अजून आहे का?"

दहा वर्षांत त्यांनी तुझ्या दुर्बिणीचं नाव काढलं नव्हतं. ती कोठारात आडवी पडलीय, वर कांद्याच्या माळा टांगल्यात. मी म्हटलं, "आहे. कशाला?" तर म्हणाले, "रमजान संपल्याचा चंद्र टेकडीवरून बघेन म्हणतो. साक्ष देईन."

ब्याऐंशी वर्षांचे आहेत. पुढच्या रमजानची हमी कोण देणार?

तुला वाटतं तुला सगळं माहीत आहे. तू लिओंमध्ये होतास, मी इथं होते. म्हणून एकदा सांगते. चाळीस वर्षं या खोऱ्यात चंद्र दिसला की नाही हे बा सांगायचे, नुसत्या डोळ्यांनी. सरकारी कचेरीतून फोन यायचा तो त्यांनाच. मग नजर अधू झाली आणि तू फ्रान्सहून ती नळी पाठवलीस, स्वतः यायच्या ऐवजी. एकोणतिसावा रोजा, जुलैचा उन्हाळा. बांनी नळीतून पाहिलं, कोर दिसली. बारीक, दोन शिंगांची, स्वच्छ. पाच जणांनी पाहिली, पाचही जणांनी शपथ घेतली. ढोल वाजला. पोरींनी मेंदी कालवली. काद्दूर खाटकानं दोन मेंढ्या कापल्या. आणि तासाभरानं कचेरीतून फोन आला की सबंध देशात कुठंच चंद्र दिसलेला नाही, उद्या रोजा आहे. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव कोरड्या तोंडानं बसलं होतं आणि काद्दूरचं मांस उन्हात वास मारत होतं.

त्या दिवसापासून बा टेकडीवर गेलेले नाहीत. काद्दूर अजून त्यांना वाटेत गाठतो आणि म्हणतो, "काय इद्दर, आज काही उगवलं का?" लोक हसतात. बा पण हसतात. ते हसतात ना, ते मला बघवत नाही.

तू डब्यात एकच भिंग पाठवलं होतंस, सुईच्या नेढ्याएवढ्या भोकाचं. त्यातून धड काही सापडत नाही. नळी हलवली की डोंगर पळतो. आता मला दुसरं घ्यायचंय. कुठलं घ्यायचं ते लिही. पैसे मागत नाहीये. पाठवूही नकोस. तू पाठवलेल्या वस्तूचं काय झालं ते बघितलंय आपण.

इज्जा


२८ जानेवारी

बिही,

तुझं उत्तर मिळालं. चार पानं. एका भिंगासाठी चार पानं लिहितोस आणि आई गेली तेव्हा दोन ओळी लिहिल्या होत्यास. असू दे.

आकडे मी तीनदा वाचले. मला कळलंय ते असं, चुकलं तर सांग. भिंगावर आकडा असतो. आकडा लहान तर चित्र मोठं, पण आभाळाचा तुकडा एवढासा. आकडा मोठा तर चित्र लहान, पण तुकडा मोठा. आणि रुंद म्हणून जी भिंगं मिळतात त्यांत त्याच आकड्याला तुकडा आणखी मोठा दिसतो. म्हणजे भिंतीच्या भोकाला डोळा लावायचा की खिडकीत उभं राहायचं, एवढंच. हे तू एका ओळीत लिहू शकला असतास. आपल्या घरात असलेल्या भिंगावर चारचा आकडा आहे. तू लिहितोस, चार म्हणजे या नळीला झेपेल त्याच्याही पलीकडचं, आणि चंद्र शोधायला ते कुणी लावत नाही. ठीक. चोविसाच्या आसपास, रुंद. लक्षात ठेवलं.

तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, "मी दोन पाठवली होती," आणि त्याखाली रेघ मारलीस. टपालात काय काय गहाळ होतं, मी काय सांगणार. पुढचं बोलू.

तू म्हणतोस मीच घेऊन पाठवतो. नको म्हटलं ना. तुमच्या तारे बघणाऱ्यांच्या मंडळात सगळे शिकलेले, तुम्ही पुस्तकातून भिंग निवडता. मी तीस वर्षं केशर निवडतेय. शंभर काड्यांत एक रंगवलेली असली तर हाताला कळते. भिंग काय, काच तर आहे.

बांना सांगितलं की तुझं पत्र आलंय. म्हणाले, "बरा आहे का?" मी म्हटलं, "चार पानं लिहितो, म्हणजे बरा असणार." मग त्यांनी पत्र मागून घेतलं. वाचता तर येत नाही. उशीखाली ठेवलं.

नऊ तारखेनंतर अगादिरला जाणार. बंदरापाशी एक उस्ताद सेल्लाम आहे, मासेमारीच्या बोटींच्या दुर्बिणी दुरुस्त करतो. केशरवाला व्यापारी म्हणाला, त्याच्याकडे आभाळाची भिंगंही असतात.

इज्जा


१२ फेब्रुवारी

बिही,

घेतलं. आता ऐक.

पहाटेच्या बसनं गेले. पदराच्या गाठीत चारचं भिंग, पिशवीत केशराची डबी आणि बांचा जास्तीचा चष्मा. चष्मा कशाला ते पुढं कळेल. तुझ्या चार पानांत ते नव्हतं.

उस्ताद सेल्लामचं दुकान म्हणजे एक दार आणि त्यात अडकलेला सेल्लाम. पोट टेबलाला टेकलेलं, डोळ्यात घड्याळजीसारखं भिंग. दारात एक आखूड नळी तिवईवर उभी, गिऱ्हाइकाला भिंग लावून दाखवायला. समोर किल्ल्याचा डोंगर, ज्यावर ते पांढरे शब्द लिहिलेत, अल्ला, वतन, मलिक.

मी म्हटलं, "रुंद भिंग दाखवा."

म्हणाला, "किती ताकदीचं हवंय, लाल्ला? दोनशे पट? तीनशे पट? माझ्याकडे असं आहे की चंद्रावरची मुंगी दिसेल."

"मुंग्या माझ्या घरी आहेत. मला चंद्र अख्खा दिसायला हवा, वर दोन चंद्रांची जागा उरायला हवी आणि खाली डोंगर दिसायला हवा."

त्यानं डोळ्यातलं भिंग काढलं आणि माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "रोज्याचा चंद्र?"

"रोज्याचा."

"नवऱ्यानं पाठवलं?"

"नवरा वारलाय. बापासाठी. तुम्ही भिंग दाखवता का सोयरीक जुळवता?"

हसला. मग एकेक काढायला लागला. पहिलं चकचकीत, सोन्याच्या कडीचं. लावलं, डोंगराकडे धरलं. नळीत सगळं उलटं दिसतं, ते मला माहीत होतं. मला सुलटं वाचायलाच वेळ लागतो, तर उलटं वाचायला चहा येऊन गार झाला. 'वतन' मधलं एक अक्षर दिसलं, तेही अर्धं. मी म्हटलं, "ठेवा हे. यात देशाचा पाय दिसतोय नुसता."

दुसरं मोठं होतं, तोंड रुंद, आत 'वतन' अख्खं मावलं. सेल्लाम म्हणाला, "बघा, म्हटलं नव्हतं?" मी बघत राहिले. मधलं अक्षर लख्ख, पण कडेच्या दगडांना शेपट्या फुटलेल्या, पाण्यात कालवल्यासारखे. "हे कडेला फाटतंय," मी म्हटलं.

"कडेला कोण बघतं, लाल्ला? वस्तू मध्ये आणायची."

"वस्तू कुठं आहे ते माहीत असेल तर मध्ये आणणार ना. आम्ही शोधायला निघालोय. शोधणाऱ्याला ती कडेलाच पहिल्यांदा दिसते."

 मागं वळून त्यानं दुसरी पेटी उघडली. त्यातलं तिसरं छान होतं. अख्खा शब्द, कडा ताठ. मी पिशवीतून बांचा चष्मा काढला आणि नाकावर चढवला. सेल्लामला वाटलं माझं डोकं फिरलं. मला त्या चष्म्यातून दुकानसुद्धा धूसर दिसत होतं. पण भिंगाला डोळा लावला तेव्हा कळलं ते कळलंच. काच काचेवर आपटली, आणि चष्म्यामुळं डोळा मागं राहिला तर मधलाच गोल तेवढा दिसला, कडेचं सगळं गेलं. रुंदीचे पैसे द्यायचे आणि बांना दिसणार तेच भोक.

"चष्मा काढून बघायला सांगा त्यांना," सेल्लाम म्हणाला.

"चष्मा काढला तर त्यांना मी पण दिसत नाही."

"मग डोळा लांब ठेवून अख्खं दिसेल असं हवं. असं म्हणा ना."

"मी म्हणतेच आहे. तुम्ही मुंग्या दाखवत होता."

चौथं त्यानं खालच्या खणातून, चिंध्यांमधून काढलं. एक जर्मन म्हातारा वाळवंटात गाडी घेऊन यायचा, त्याच्या मागं त्याच्या बाईनं सामान विकलं, त्यातलं. काळं, खरवडलेलं, मुठीएवढं, वजनाला खलबत्त्याच्या दांड्यासारखं. कडेला एक पोचा. कुणी फुकट दिलं तर दोनदा विचार करावा असं. आकडा चोवीस. चष्मा लावून, बोटभर लांबून बघितलं. 'वतन' अख्खं, अलीकडं 'अल्ला'चं शेवटचं अक्षर, पलीकडं 'मलिक'चं पहिलं, खाली डोंगराची कड, कडेवर चालणारा एक माणूस आणि त्याचा कुत्रा. कुत्र्याचं शेपूट कडेला आलं तरी ते कुत्र्याचंच शेपूट होतं. मी तिथून हललेच नाही. मागं दोन कोळी आपल्या दुर्बिणी घेऊन ताटकळत होते, त्यातला एक म्हणाला, "मावशी, बोट सुटेल आमची." मी म्हटलं, "सुटू दे. मासे पोहतात, पळत नाहीत."

भाव तू विचारशील. निम्मे रोख दिले, निम्म्याचं केशर. त्यानं केशर पाण्यात टाकून बघितलं, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. रंग हळू सुटला, पिवळा, काडी लालच राहिली. म्हणाला, "हे खरं आहे." मी म्हटलं, "तुमचंही चौथं तेवढं खरं आहे." चहा पाजला त्यानं दुसरा.

आणि चहा पिताना त्यानं सहज विचारलं, "या नळ्यांबरोबर दोन भिंगं येतात, एक मोठ्या आकड्याचं. ते कुठं गेलं?"

मी त्याला सांगितलं, बिही. परक्या माणसाला. तुला आता सांगते.

डब्यात दोन होती. एक बारीक, एक जाडजूड. मला वाटलं जाड ते जास्तीचं, जाड ते कमी ताकदीचं. बारीकच खरं. तेव्हा आधीच्या हंगामाचं केशर पाकिटात भरायचं चाललं होतं, आणि जाड भिंग उलटं धरलं की काडीचा धागा न धागा दिसायचा. रंगवलेला कचरा लगेच सापडायचा. मी ते कुणाला न विचारता घेतलं. तिसऱ्या दिवशी पाट्यावर पडलं आणि काच तडकली. मसुरीच्या मडक्यात तळाशी घातलं. अजून तिथं आहे. त्यानंतर दोन दिवसांनी बा नळी घेऊन टेकडीवर गेले, हातात फक्त चार.

आणि मी शाळेच्या मास्तरांकडून तुला लिहवून घेतलं की तुझ्या यंत्रानं बापाचं तोंड काळं केलं.

सेल्लामनं भिंग चिंधीत गुंडाळून माझ्या हातात दिलं. दाराशी पोचवायला आला तेव्हा म्हणाला, "चारनं पण आभाळ खोटं दिसत नाही, लाल्ला. थोडंच दिसतं, एवढंच."

हे वाक्य बसमध्ये डोक्यात फिरत होतं. खोटं दिसत नाही. मग बांना दिसलं ते काय होतं?

इज्जा


२० फेब्रुवारी

बिही,

तुझं पत्र यायच्या आत हे लिहितेय, कारण थांबवत नाही. तू रागावला असशील तर राग बाजूला ठेव आणि आधी हे वाच. मग रागाव.

अगादिरहून आले त्या दिवशी पौर्णिमा होती. अंगणात नळी लावली, दिवस मावळताना चंद्र बदामाच्या झाडांवर आला. नवं भिंग लावलं. बांना खुर्चीवर बसवलं. चष्म्यासकट टेकले. मग हात पुढं करून चाचपडायला लागले, जणू चंद्र नळीच्या तोंडाशी आहे. म्हणाले, "अख्खा आहे. आणि भोवती आभाळ आहे."

मग म्हणाले, "आता जुनं लाव."

मी म्हटलं कशाला. म्हणाले, "लाव म्हणतो ना."

चार लावलं. शोधायला मला एवढा वेळ लागला की हरीराचं सार गार झालं. सापडला तेव्हा भिंगभर नुसते खड्डे. चंद्राची कड नाही, गोलाई नाही, एक तुकडा. नळी ढकलली तर दुसरा तुकडा.

बा मागं टेकले. चष्मा काढून कुडत्याला पुसला. म्हणाले, "इज्जा, यात चंद्र मावत नाही."

"नाहीच मावत."

"मग त्या दिवशी कोर अख्खी कशी मावली होती? दोन्ही शिंगं दिसली होती मला. पाच जणांना दिसली."

 आत जाऊन भांडी आपटली.

 मग गेल्या सोमवारी, सूर्य डोंगराआड गेला आणि अजून उजेड होता, बांनी अंगणातून हाक मारली. पश्चिमेला संध्याकाळचा तारा लागला होता. या महिन्यात तो केवढा तेजाळ आहे, तुमच्याकडेही दिसत असेल. बा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्या वर्षीही हा इथंच होता. एवढाच तेजाळ. नळी त्याच्यावर धर."

"तारा आहे तो, बा."

"धर."

आधी रुंद लावलं, मग तारा मध्ये आणून चार. अलगद, श्वास धरून.

बिही, ताऱ्याला शिंगं आहेत.

कोर आहे ती. बारीक, पांढरी, दोन टोकांची, अख्खी. चारच्या भोकात जशीच्या तशी मावलेली. नळीवरून डोळा काढला की तारा. डोळा लावला की कोर. मी पाच-सहा वेळा काढला-लावला. मला वाटलं माझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. शेजारच्या तुदाला भिंतीवरून हाक मारली. ती पीठ मळत होती, हात तसेच घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "चंद्रच आहे की. तुम्ही मला चंद्र बघायला बोलावलंत?" मी तिला आभाळाकडे बघ म्हटलं. चंद्र आभाळात नव्हताच. कणकेचा हात तिनं तोंडावर मारून घेतला.

बांना बसवलं. त्यांनी डोळा लावला. आणि हसले. काद्दूरसमोर हसतात तसं नाही. आई त्यांना चिडवायची तेव्हा हसायचे तसं. म्हणाले, "हीच. हीच ती. मी खोटं बोललो नव्हतो."

"तुम्ही खोटं बोललात असं कुणी म्हटलं नव्हतं."

"सगळ्यांनी म्हटलं, पोरी. मी पण म्हटलं."

आता आणखी एक गोष्ट, आणि मग माझ्याकडे लपवायला काही उरत नाही. त्या दिवशी टेकडीवर नळी मी धरली होती. कोर सापडली तेव्हा बांनी नळीवरून हात फिरवून ती कुठं रोखलीय ते चाचपलं आणि म्हणाले, "इज्जा, ही फार वर आहे. पहिला चंद्र एवढ्या वर नसतो." चाळीस वर्षांची नजर होती, त्यांना कळलं होतं. पण भोकात डोंगर दिसत नव्हता, झाड दिसत नव्हतं, खात्री करायला काही नव्हतं. आणि मला घाई होती. भाकरी भट्टीत होत्या, तोंड सुकलं होतं, खाली काद्दूर आणि बाकीचे ओरडत होते. मी म्हटलं, "फ्रान्सचं यंत्र आहे बा, ते चुकेल का? सांगून टाका." आणि त्यांनी सांगून टाकलं.

त्यांनी हे कुणाला कधी सांगितलं नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. दहा वर्षं काद्दूरचे टोमणे खाल्ले, पण मुलीनं घाई केली असं म्हणाले नाहीत.

सोमवारी ते मी बोलले, त्यांच्यासमोर. ते म्हणाले, "भाकरी जळल्या होत्या का गं त्या दिवशी?" मी म्हटलं, "जळल्या होत्या." म्हणाले, "मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी मसुरीच्या मडक्यातून तुझं जाड भिंग काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते पण ऐकून घेतलं. तडकलेल्या काचेतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यातून तू दोन दिसतेस. एकच पुरे आहे मला."

इज्जा


३१ मार्च, ईद

बिही,

सगळं ताजं आहे तोवर लिहिते. घरात अकरा माणसं जेवताहेत, मी कोठारात कांद्यांखाली बसलेय.

काल एकोणतिसावा रोजा. सकाळपासून वाळूची धूळ चढली होती, पश्चिमेचा डोंगर ताकासारखा पांढुरका. मला वाटलं गेलं सगळं. दोन महिने तयारी आणि वर धूळ. बा म्हणाले, "धूळ वरून खाली बसते. आपण बसून राहू."

खेचरावरून टेकडीवर नेलं त्यांना. दहा वर्षांनी. गाव मागून आलं, काही कौतुकानं, काही करमणुकीला. काद्दूर सगळ्यांत पुढं. खजुराची थैली काखेत आणि तोंडात तेच: "इद्दर, आज मेंढ्या कापू का थांबू?" बा म्हणाले, "थांब." एवढंच.

सूर्य गेला. बांग झाली. सगळ्यांनी खजूर तोंडात टाकला आणि पश्चिमेकडे डोळे लावले. तरण्या पोरांना काही दिसेना. धुळीचा पट्टा डोंगरावर बसलेला. मी जर्मन म्हाताऱ्याचं भिंग लावलं, बांचा हात नळीवर ठेवला आणि मागं सरकले. काल मला कुठलीच घाई नव्हती. भाकरी मी केल्याच नव्हत्या, तुदाला सांगितल्या होत्या.

बांनी आधी डोंगराची कड धरली. कडेवरचं एकटं बदामाचं झाड भिंगाच्या तळाशी ठेवलं आणि तिथून हळूहळू वर, मग डावीकडे, मग उजवीकडे, शेत नांगरावं तसं. प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचा थोडा भाग दिसत होता, म्हणून काही सुटत नव्हतं. काद्दूर खजुराची बी थुंकून म्हणाला, "झाड बघायला आलाय का?" कुणीतरी हसलं. बा फिरवत राहिले.

मग थांबले.

मी त्यांच्या मानेकडे बघत होते. मान ताठ झाली. म्हणाले, "इज्जा, ये."

भिंगाच्या वरच्या कडेला, धुळीच्या पट्ट्याला भेग पडली होती त्यात, रेशमाच्या दोऱ्यासारखी. कडेलाच दिसली बघ. आणि शेपटी नव्हती तिला.

मी ओरडणार होते. बांनी माझं मनगट धरलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता बारीक लाव. त्यात अख्खी मावली तर तो चंद्र नाही. मावली नाही तर चंद्र."

 चारचं भिंग मी पदराच्या गाठीतून सोडलं. नळीत बसवलं. बांनी पाहिलं. नळी तसूभर ढकलली. परत पाहिलं. मग उठून उभे राहिले, स्वतः, हात न धरता, आणि काद्दूरला म्हणाले, "तू बस. तुझ्या मेंढ्या गेल्या होत्या. तू बघ आणि तू सांग."

काद्दूर बसला. एवढा दांडगा माणूस, खुर्चीत मावेना. बघत राहिला, नळी या टोकाला ढकलली, त्या टोकाला ढकलली. बऱ्याच वेळानं म्हणाला, "एक शिंग दिसतंय. दुसरं दिसायला नळी हलवावी लागतेय. मावत नाही." मग मी पुन्हा रुंद लावलं आणि त्याला तीच कोर अख्खी दाखवली, खाली डोंगर आणि झाड. तो उठला, टोपी काढली आणि बांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाला, "चाचा, माझ्या मेंढ्या ताऱ्यानं खाल्ल्या होत्या तर."

शिंगवाल्या ताऱ्याची गोष्ट फेब्रुवारीतच तुदाच्या तोंडून गावभर झाली होती, पण त्यानं मानली नव्हती. काल मानली.

दोन पुरुषांची साक्ष लागते. एक इद्दर, दुसरा काद्दूर. माझी धरत नाहीत. न धरू देत. त्या दोघांनी पाहिलं ते माझ्या भिंगातून.

कचेरीला फोन बांनी स्वतः लावला. पलीकडच्यानं विचारलं, किती उंचीवर, शिंगं कुठल्या बाजूला, किती वेळ. बांनी एकेक उत्तर दिलं, डोंगरापासून, झाडापासून मोजून. पलीकडून म्हणाला, "आणखी गावांतूनही आलंय, आजोबा. तुमची साक्ष लिहून घेतली. ईद मुबारक." बांनी फोन खाली ठेवला नाही, छातीशी धरून ठेवला. तेवढ्यात धूळ आणखी फाटली आणि पोरांना नुसत्या डोळ्यांनी दिसली. मग काय ढोल. बायका गच्च्यांवरून ललकाऱ्या देत होत्या, त्या खालून टेकडीवर ऐकू येत होत्या. बांना खेचरावर बसू दिलंच नाही कुणी, खांद्यावरून आणलं. मी मागून नळी घेऊन. ती कुणाला हात लावू दिली नाही.

आज सकाळी काद्दूरनं काळीज पाठवलं, पहिल्या मेंढीचं, केळीच्या पानासारख्या मोठ्या थाळीत. सोबत निरोप, संध्याकाळी बायकोला घेऊन येतो, शिंगवाला तारा दाखवा. तो तारा आता पहाटेकडे गेलाय म्हणून कळवलं. म्हणाला मग पहाटे येतो.

तुझं पत्र परवा मिळालं. तो तारा नसून चंद्रासारखीच कोर होणारा ग्रह आहे, तेही कळलं. तू त्यात रागावलेला नाहीस, त्याचाच मला राग आला. दहा वर्षं मी तुला बोल लावला आणि तू लिहितोस, "बरं झालं, सापडलं." असला कसला भाऊ. मास्तरांच्या हातून लिहवलेलं ते वाक्य मागं घेते. हे माझ्या हातचं आहे, म्हणून हेच खरं धर.

बांनी सांगितलंय ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "बिहीला लिही, नळी पहिल्यापासून चांगली होती. मी आता बघतो तेव्हा भोवतीचं पण दिसतं. त्याला म्हणावं येऊन बघ."

तेव्हा ये. केशर फुलायच्या आत ये, म्हणजे निवडायला बसवता येईल. आणि येताना एक भिंग आण. बांना शनीची कडी बघायचीय, त्याला चोवीस कमी पडेल आणि चार झेपत नाही. दहाच्या आसपास आण, रुंदच. स्वस्तातलं आणू नकोस. या पाकिटात बांचा जास्तीचा चष्मा घातलाय. दुकानात तो नाकावर चढवून बघ, लोक हसले तर हसू दे. आणि कडेच्या वस्तूंना शेपट्या दिसल्या तर तिथंच परत दे.

इज्जा